सपाट सीट बसवण्याच्या प्रकल्प नोंदी: भार बोल्टवर नको, रबरांवर

गाडी: एक सिलिंडरची मोटरसायकल, नळ्यांची चासी, मागे दोन शॉकअप. सीटखालच्या दोन्ही नळ्या २२ मि.मी. व्यासाच्या, जवळजवळ सरळ. मूळ सीट दोन टप्प्यांची. तिच्या जागी बाहेरची सपाट, एकसंध, दोघांची सीट बसवायची. तिचा पॅन, म्हणजे फोमखालचा कडक तळ, फायबरचा आहे. अटी तीन: चासीवर वेल्डिंग नाही, गाडीचा कुठलाही भाग कापायचा नाही, आणि मूळ सीट हवी तेव्हा अर्ध्या तासात परत चढली पाहिजे.

४ जानेवारी २०२५: मूळ सीट उतरवून मापे

नवी सीट खोक्यातून काढण्याआधी जुनीचा अभ्यास. हे टाळले की पुढे सगळा अंदाजपंचे कारभार होतो.

बॅटरीची निगेटिव्ह तार आधी सोडली. पाना हातात घेऊन सीटखाली काम करायचे तर ही पहिली पायरी.

जुन्या पॅनखाली सहा रबरे आहेत: दोन पुढे, दोन मध्ये, दोन मागे. नळीवरचा रंग नेमका या सहा जागी घासून चकाकतोय. म्हणजे माणसांचे वजन इथून चासीत उतरत होते. पुढची जीभ, म्हणजे सीटच्या नाकाखालची पट्टी, चासीच्या आडव्या १० मि.मी. दांडीखाली सरकते, मागे खटका ८ मि.मी. च्या यू आकाराच्या सळईला पकडतो. जिभेवर आणि खटक्यावर झिजेची खूण नाममात्र. ही दोघे सीट फक्त जागेवर धरून ठेवतात, भार उचलत नाहीत. नव्या सीटलाही हीच व्यवस्था हवी.

लिहून ठेवलेली मापे: गाडी दोन्ही चाकांवर उभी, रिकामी असताना बसण्याच्या सर्वांत खोल जागी जमिनीपासून ७८५ मि.मी. नळ्यांचे बाहेरून बाहेर अंतर पुढे १९६, मागे २१४. आडवी दांडी ते खटक्याची सळई ५६२. मापे डबल स्टँडवर घेऊ नयेत, मागचे चाक उचललेले असते आणि सगळे कोन चुकतात.

५ जानेवारी: नव्या सीटची तपासणी

पॅन ४ मि.मी. जाड, कडेला थोडा जास्त. खालून फायबरमध्ये बसवलेल्या ६ मि.मी. च्या चार नटा. सोबत पत्र्याचे दोन ब्रॅकेट, चार बोल्ट आणि चिकटवायच्या पातळ रबराच्या चार चकत्या, जेमतेम ५ मि.मी. जाडीच्या.

पहिली गडबड इथेच. ब्रॅकेट लावून सीट चासीवर ठेवली तर चकत्या नळीला टेकतच नाहीत. दोन माणसांचे वजन चार बोल्टांवर लटकणार. पहिले काही दिवस काहीच जाणवणार नाही. मग नटेभोवती केसासारखी चीर, मग नट फिरायला लागते, आणि शेवटी फायबरच्या तुकड्यासकट बाहेर येते. फायबर दाब चांगला सोसतो. एका बिंदूवर ओढ आणि वळण आले की थर सुटतात. सोबतचे ब्रॅकेट बाजूला ठेवले.

पॅन सपाट फरशीवर ठेवून चारी कोपरे दाबून पाहिले. मागचा डावा कोपरा ४ मि.मी. वर राहतो, सीट डुगडुगते. साच्यातून लवकर काढलेल्या फायबरला असा पीळ राहतो. तो गरम करून सरळ करायच्या भानगडीत पडू नये. डाव्या-उजव्या रबरांच्या उंचीत फरक ठेवून तो भरून निघतो.

फोम सगळीकडे ४५ मि.मी., मऊ. त्यावर गुडघा टेकला तर पॅन सरळ हाडाला लागतो. दुकानात हाताने दाबल्यावर हाच फोम छान वाटतो, कारण तळव्याचा दाब गुडघ्याइतका एकवटलेला नसतो. फोम बदलावा लागणार, म्हणजे कव्हर उघडणार. ते एका अर्थी बरेच: पॅनला आरपार भोके पाडायची कामे कव्हर उघडे असतानाच करायची असतात.

११ जानेवारी: मातीचे गोळे

नळीवर सहा जागी मॉडेलिंगच्या मातीचे गोळे ठेवले, वर पॉलिथीनचा तुकडा, म्हणजे माती पॅनला चिकटत नाही. सीट लाकडी पाचरींवर हव्या त्या उंचीला आणली: टाकीची खालची रेघ आणि सीटची कड एका ओळीत, टाकी आणि सीटचे नाक यांत ४ मि.मी. फट. मग सीट हलक्या हाताने दाबून उचलली आणि दबलेल्या गोळ्यांची जाडी व्हर्नियरने मोजली.

पुढे दोन्हीकडे १२. मध्ये डावीकडे ९, उजवीकडे ८. मागे डावीकडे १७, उजवीकडे १३. फरशीवर दिसलेला ४ मि.मी. चा पीळ इथे बरोबर उतरला.

मातीचा दुसरा उपयोग म्हणजे सीट कुठे नको तिथे टेकतेय का ते कळते. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवर, फ्यूजच्या डबीवर, एअर फिल्टरच्या तोंडाशी आणि मागच्या मडगार्डच्या फुगीर भागावर एकेक गोळा ठेवला होता.

टर्मिनलवर १८ मि.मी. मोकळे, पण तरीही रबरी टोपी हवीच. पॅन फायबरचा असल्यामुळे शॉर्टची भीती कमी आहे. पत्र्याचा पॅन असता तर खड्ड्यात दबून टर्मिनलला टेकणारी सीट आणि चासीला लागलेला पॅन म्हणजे थेट ठिणगी.

फिल्टरच्या तोंडावर फक्त ११ मि.मी. उरले. हे सहज नजरेतून सुटते. फिल्टरच्या खोक्याचे तोंड सीटखाली असेल आणि पॅन त्यावर झाकणासारखा आला तर इंजिनला हवा कमी मिळते. कार्बोरेटरच्या गाडीत मिश्रण जाड होते, प्लग काळा पडतो, वरच्या वेगात गाडी ओढत नाही, आणि दोष मात्र कार्बोरेटरमध्ये शोधला जातो. इथे अडचण पॅनखाली उतरलेल्या आडव्या कण्याची आहे. तो ६० मि.मी. रुंदीत १५ मि.मी. खोल कापला. आता २६ मि.मी. मोकळे. कणा कापला म्हणजे ताकद गेली, म्हणून त्याच जागी पॅनच्या वरच्या अंगाला काचतंतूच्या मॅटचे दोन थर रेझिनमध्ये भिजवून दिले. आधी ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी घालवली. गुळगुळीत फायबरवर नवा थर पकडत नाही.

मडगार्डवर गोळा पूर्ण चपटा. पॅन तिथे बसतोय.

१२ जानेवारी: मडगार्ड आणि टायर

मडगार्ड कापायचा नाही, तेव्हा तो खाली घ्यायचा. चासी आणि मडगार्ड यांच्यामध्ये दोन्ही बोल्टांवर १२ मि.मी. चे कॉलर, म्हणजे अंतर राखणाऱ्या जाड कड्या, बोल्ट तितकेच लांब. पण मडगार्ड खाली आला म्हणजे टायरच्या जवळ आला. शॉकअप पूर्ण दबल्यावर किती जागा उरते ते बघितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

गाडी डबल स्टँडवर, दोन्ही शॉकअप काढले. शॉकअप पूर्ण दबल्यावर दोन डोळ्यांतले, म्हणजे दोन्ही टोकांच्या बोल्टच्या भोकांतले, अंतर किती राहते? मोकळी लांबी ३२०. दिसणारी दांडी ८५. दांडीवरचा थांबा-रबर २० मि.मी. चा, तो पूर्ण चेपला तरी साधारण ८ उरतो. म्हणजे ३२० वजा ८५ अधिक ८, २४३ मि.मी. दोन जाड पट्ट्यांना २४३ अंतरावर भोके पाडून त्या शॉकअपच्या जागी लावल्या. चाक जॅकने उचलून पट्ट्यांचे बोल्ट घातले. आता चाक तिथे आहे जिथे ते मोठ्या खड्ड्यात जाईल.

कॉलर लावण्याआधी टायर ते मडगार्ड ३८, कॉलर लावल्यावर २६. ते पुरते. वेगात टायर थोडा फुगतो, चेन ताणताना चाक मागे सरकते, म्हणून २० च्या खाली जाऊ नये. चाक चेन अॅडजस्टरच्या पुढच्या टोकाला आणि मागच्या टोकाला, दोन्हीकडे मोजले. मडगार्डच्या आत उतरणारे बोल्टचे शेपूट अर्ध्या इंचाचे होते. बोल्ट उलटा केला: डोके आत, नट बाहेर. शेपूट टायरला कापते, गोल डोके कापत नाही.

शॉकअप परत चढवले, नटा गाडीच्या पुस्तिकेतल्या टॉर्कने.

१८ जानेवारी: पुढची जीभ

सोबत आलेली जीभ दांडीपर्यंत पोचत नाही, २२ मि.मी. कमी पडते. नवी केली: ३ मि.मी. जाड, ४० मि.मी. रुंद पोलादी पट्टी. दांडी १० मि.मी., तिच्यावर १ मि.मी. भिंतीची रबरी नळी चढवली, म्हणजे १२. जिभेचे तोंड १२.५ ठेवले. अर्ध्या मि.मी. च्या सैलपणामुळे सीट सहज सरकते आणि खडखडत नाही.

पट्टी वाकवताना कोन एकदम काटकोनी केला तर बाहेरच्या अंगाला चीर पडते. व्हाइसच्या जबड्याला ५ मि.मी. ची गोल सळई आडवी लावून तिच्यावरून वाकवली.

जिभेची उंची फार महत्त्वाची. ती २ मि.मी. जरी जास्त वर असली तरी खटका लावताना सीटचे नाक खाली खेचले जाते, पुढची रबरे जरुरीपेक्षा जास्त चेपतात आणि मागचा खटका जोर लावल्याशिवाय लागत नाही. मग लोक सीटवर बुक्क्या मारतात. पट्टीला पॅनकडच्या बाजूने गोल भोकांऐवजी १० मि.मी. लांबीच्या खाचा ठेवल्या. खाचेने मागेपुढे जुळवता येते, वर-खाली जुळवायला जिभेखाली पातळ पत्रे.

१९ जानेवारी: फायबरमधली भोके

एकूण सहा: जिभेची दोन, खटक्याच्या पट्टीची चार. आत बसवलेल्या मूळ नटा वापरल्या नाहीत.

फायबर बोल्टने आवळला की रेझिन हळूहळू चुरते, दाब कमी होतो, बोल्ट सैल पडतो. तो पुन्हा आवळायचा, पुन्हा चुरते. हे चक्र थांबवायला भोकात धातूची नळी लागते. बाहेरून ८, आतून ६.२ मि.मी. ची नळी ३.९ लांबीचे तुकडे करून कापली. पॅन ४, नळी ३.९. बोल्ट आवळला की फायबर एक दशांश मि.मी. दबतो आणि पुढचा सगळा जोर नळी घेते. वरून २५ मि.मी. व्यासाचा रुंद वॉशर. जिभेला वॉशरऐवजी ६०×५० ची २ मि.मी. जाड पट्टी, दोन्ही बोल्टांना मिळून एक.

भोके पाडायची रीत: चिकटपट्टी लावून तिच्यावर खूण. आधी ३ मि.मी., मग ८. ड्रिल गुळगुळीत बाजूकडून, वेग जास्त, हाताचा जोर कमी, मागे लाकडाचा ठोकळा धरून. उलट बाजूने पाडले तर बिट बाहेर पडताना वरची चकाकणारी कातडी टवके होऊन उडते. नाकातोंडावर मास्क हवाच. फायबरची धूळ फुफ्फुसाला वाईट, आणि उघड्या हातांना दोन दिवस खाज येते ती वेगळी. कापलेल्या प्रत्येक कडेवर रेझिनचे बोट फिरवले, नाहीतर उघड्या तंतूंतून पाणी आत चढते.

बोल्टची डोकी वरून, फोमच्या बाजूला, चपटी गोल. नट खालून, नायलॉनच्या रिंगेची. आवळणी ८ न्यूटन मीटर. पोलादात ६ मि.मी. च्या बोल्टला साधारण १० देतात. नळी असली तरी इथे थोडे कमीच बरे.

खटक्याची सळई: जुनी सीट जशीच्या तशी ठेवायची असल्यामुळे ८ मि.मी. ची सळई वाकवून ३ मि.मी. पट्टीवर वेल्ड केली. हे वेल्डिंग टेबलावर झाले, गाडीपासून दूर. पट्टीतल्या चार खाचांमुळे सळई दोन्ही दिशांना ४ मि.मी. सरकते.

२५ जानेवारी: रबरे

सगळ्या कामातला हा दिवस सर्वांत संथ, आणि सर्वांत जास्त मोलाचा.

रबर साधारण ६० शोर ए कठीणपणाचे. बोटाने दाबून खूण पडते पण नखाने ओरखडा निघत नाही, इतपत. जुन्या टायरची ट्यूब घडी करून लावणारे बरेच असतात. ती उन्हाने चिकट होते आणि थर एकमेकांवरून सरकतात. स्पंजासारखे काळे रबर तर अजिबात नको, ते महिनाभरात कागद होते.

तुकडे ४०×२५ चे. खालच्या बाजूला नळीसाठी पन्हळ पाडली: २२ मि.मी. च्याच नळीच्या तुकड्याला ६० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून त्यावर रबर पुढेमागे घासले. दहा-बारा मिनिटांत खोगिरासारखी खाच उतरते. सपाट रबर गोल नळीवर फक्त एका रेघेत टेकते, तिथे कापले जाते. खाच असली की ते नळीला मिठी मारून बसते आणि सीट आडवी सरकत नाही. उंची नेहमी खाचेच्या तळापासून मोजायची.

आता उंची. पुढची आणि मागची रबरे मातीच्या मापापेक्षा दीड मि.मी. उंच: पुढे १३.५, मागे डावे १८.५, उजवे १४.५. हा दीड मि.मी. जीभ आणि खटका मिळून दाबून ठेवतात, त्यामुळे रिकाम्या सीटचा आवाज होत नाही. मधली दोन मात्र नेमक्या मापाची, ९ आणि ८, जास्त नाही. मधले रबर उंच झाले की सीटचा झोपाळा होतो: पुढचा बसला की मागचे टोक खटक्याला वर ओढते, मागचा बसला की नाक जिभेला. जीभ तुटलेल्या सीटी तपासल्या तर बहुतेक वेळा दोष जिभेच्या पत्र्यात नसतो, मधल्या रबरात असतो.

रबरे नुसती चिकटवली तर कधी ना कधी गळतात. दोन्ही पृष्ठभाग खरवडून सोल्यूशन लावले, हाताला चिकटेनासे होईपर्यंत थांबून दाबले, शिवाय प्रत्येकात एक ४ मि.मी. चा चपट्या डोक्याचा स्क्रू, डोके रबरात ५ मि.मी. आत बुडवून. डोके वर राहिले तर रबर दबल्यावर ते नळीचा रंग सोलते.

तपासणी खडूने. नळीवर खडू घासला, सीट लावली, खटका बंद, कोणी बसले नाही. सीट काढून पाहिले: पुढची-मागची चार रबरे पांढरी, मधली कोरी. बरोबर. मग दोन माणसे बसवून: मधल्या डाव्यावर पूर्ण ठसा, उजव्यावर निम्माच, आतल्या कडेला. खाच तिरकी घासली गेली होती. पुन्हा घासली, त्यात उंची १ मि.मी. घटली, ती वरून पातळ रबराच्या पट्टीने भरली. तिसऱ्यांदा खडू लावल्यावर दोन्ही ठसे सारखे.

२६ जानेवारी

सीट मागे मूळपेक्षा थोडी रुंद, ग्रॅब रेलला, म्हणजे मागच्या माणसाने धरायच्या दांडीला, घासते. दोन्ही बाजूंना ८ मि.मी. चे कॉलर आणि तेवढेच लांब बोल्ट. रेल काढून टाकून फक्त सीटवरचा पट्टा ठेवायचा पर्याय नाकारला: मागचा माणूस पट्टा वर ओढतो आणि तो ताण पॅन आणि खटक्यावर येतो. रेल चासीला आहे, तीच धरावी.

१ फेब्रुवारी: फोम

कव्हर पॅनच्या कामांआधीच उघडले होते. ते ३.२ मि.मी. च्या पॉप रिव्हेटांनी बसवलेले, ४४ निघाले. रिव्हेटचे डोके ३.५ च्या बिटने उडवायचे. बिट मोठा घेतला तर भोक ढिले होते आणि नवा रिव्हेट धरत नाही.

उतार आधी मोजला. गाडी सपाट जमिनीवर, चालक बसलेला, सीटच्या कडेला डिजिटल कोनमापक: बसण्याच्या भागात ४ अंश पुढे उतार. प्रत्येक ब्रेकला माणूस टाकीकडे सरकतो, आणि तासाभराने मनगटे दुखतात. लोक त्याचा दोष हँडलला देतात. १ अंश राहिला तर चालतो, म्हणून ३ अंश भरायचे. बसण्याचा भाग ३०० मि.मी. लांब, त्यात एका अंशाला साधारण ५.२ मि.मी. पडतात, तेव्हा पुढे १६ मि.मी. ची पाचर.

खालचा थर चुरा दाबून केलेल्या कठीण फोमचा, घनता साधारण १०० किलो प्रति घनमीटर: पुढे ३६, मागे २० पर्यंत उतरता. वरचा थर ३५ मि.मी., चांगल्या उसळीचा, घनता ५०. घनता म्हणजे कठीणपणा नव्हे. घनता फोम किती वर्षे टिकेल ते सांगते, कठीणपणा किती दबेल ते. घेताना दोन्ही विचारावे.

बसण्याच्या हाडांखाली एकूण ५५, पूर्वीपेक्षा १० जास्त. तिथली उंची नवी सीट आली तशी ७४८ होती, आता ७५८, मूळ ७८५ च्या तुलनेत २७ कमी. फूटरेस्ट जागचे हलले नाहीत, तेव्हा गुडघे तेवढे जास्त मुडपणार. उंच चालकासाठी ही सीट नव्हेच.

मोठे काप हॅक्सॉच्या नव्या, लांब पात्याने, दाब न देता. आकार ग्राइंडरवर ६० नंबरची फ्लॅप चकती लावून. चकती एका जागी टेकवली की खड्डा पडतो, हात सतत फिरता हवा. नाकाच्या दोन्ही कडा मांडीच्या जागी २० मि.मी. नी उतरवल्या. सीटची उंची न बदलता पाय जमिनीला नीट पोचायला याने सर्वांत जास्त फरक पडतो.

थर जोडताना सोल्यूशन कडेपासून २० मि.मी. आतच. कडेला लावले तर वाळल्यावर कडक रेघ होते आणि ती रेक्झिनमधून दिसते. जोडल्यावर पुन्हा गुडघा टेकला. पॅन लागत नाही.

२ फेब्रुवारी: कव्हर

जुने कव्हर आता तोकडे. रेक्झिन १ मि.मी., मागे विणलेल्या कापडाचे, बाहेर ऊन सोसणारे. घरातल्या सोफ्याचे रेक्झिन दिसायला तेच, पण उन्हात वर्षभरात तडकते.

दोरा पॉलिस्टरचा, टाका ४ ते ५ मि.मी. नाजूक दिसावे म्हणून २ मि.मी. चे टाके घातले तर शिवणीवर पोस्टाच्या तिकिटासारखी भोकांची रांग होते आणि ताण आला की तिथेच फाटते. शिवण बसण्याच्या भागात आडवी घेतली नाही; पाणी तिथूनच मुरते. बाजूच्या शिवणींवर आतून पट्टी चिकटवली, आणि फोम व रेक्झिन यांच्यामध्ये पातळ पॉलिथीन. तरी पाणी जाणारच, म्हणून पॅनच्या सर्वांत खोल जागी ८ मि.मी. चे भोक. भोक नसेल तर फोम भिजून जड होतो आणि प्रत्येक वेळी बसताना शिवणीतून पाणी वर येते.

ओढण्याचा क्रम: आधी नाक, मग शेपटी, मग दोन्ही बाजूंचे मध्य, आणि मधून कोपऱ्यांकडे. पहिली आठ जागा चिमट्यांनी धरल्या, रिव्हेट नाही. रेक्झिन केसांच्या ड्रायरने कोमट करून ओढले. हाताला सोसेल इतपतच ऊब. जास्त तापवले की चकाकी बदलते आणि मागची वीण सुटते. शेपटीच्या वळणावर पॅनखाली जाणाऱ्या भागाला व्ही आकाराचे सात काप दिले, कड दिसणार त्याच्या १० मि.मी. आधी थांबून. मागच्या उजव्या कोपऱ्यातली सुरकुती दोनदा उघडावी लागली. ताण खाली नव्हे, तिरका पुढे द्यावा लागत होता.

रिव्हेट १२ मि.मी. लांबीचे, दर ३५ मि.मी. ला, खाली १२×१.५ ची अॅल्युमिनियमची पट्टी. एकट्या डोक्याखाली रेक्झिन फाटत जाते, पट्टी ताण वाटून घेते. पॅन एबीएस प्लास्टिकचा असता तर हवेच्या गनने ६ मि.मी. पायाच्या स्टेनलेस पिना पुरल्या असत्या. हाताची स्टेपल गन कठीण प्लास्टिकवर पिना मुडपून टाकते, ती काढण्यातच वेळ जातो.

८ फेब्रुवारी: अंतिम जोडणी

वायरिंगची जुडी डाव्या नळीवरून जात होती, नेमकी मधल्या रबराच्या वाटेत. नळीच्या आतल्या अंगाला वळवून दोन पट्ट्यांनी बांधली. रबराखाली चेपलेली वायर लगेच तुटत नाही. आधी वरचे आवरण जाते, मग पावसात फ्यूज उडायला लागतात आणि कारण काही केल्या सापडत नाही.

खटका आधी सीट उघडी असतानाच चावीने चालवून पाहिला. एकदा सीट बंद झाली आणि केबल ओढली गेली नाही तर उघडायचा दुसरा मार्ग नाही. म्हणून पहिल्या बंद-उघडीसाठी केबलच्या टोकाला एक दोरी बांधून साइड पॅनलखालून बाहेर काढून ठेवली. बरेच झाले: पहिल्यांदा चावी फिरली नाही. सळई २ मि.मी. खोल जात होती. खाचेत सरकवून वर घेतली. आता दोन तळव्यांच्या दाबाने खटका लागतो आणि चावी एका बोटाने फिरते.

सगळ्या नटांवर पिवळ्या रंगाची रेघ, नटेवरून पट्टीवर उतरणारी. टाकीच्या मागच्या कडेला पारदर्शक पट्टी. निगेटिव्ह तार सर्वांत शेवटी.

९ फेब्रुवारी

४० कि.मी., निम्मा रस्ता खराब. रेघा जागच्या जागी. पुढून बारीक करकर आवाज, वळणात जास्त. जीभ नव्हे, नाकाची रेक्झिन टाकीच्या रबराला घासत होती. सिलिकॉन ग्रीसचा हात फिरवल्यावर थांबला. तेल किंवा साधे ग्रीस रबराला लावू नये, ते फुगते.

१ मार्च: ६०० कि.मी. नंतर

मागच्या रबरांनी ०.८ मि.मी. उंची सोडली, सीटला हलका खडखडाट आला. नवे रबर पहिल्या काही आठवड्यांत एवढे बसतेच. खटक्याची सळई १ मि.मी. ने वर घेतली.

नळ्या घातलेल्या सहाही भोकांभोवती चीर नाही. पण मधल्या उजव्या रबरावर, पॅनच्या कातडीत, १५ मि.मी. ची केसाएवढी रेघ दिसली. कणा कापला होता त्याच्या लगतच. भार योग्य जागी येतोय, पण लहान क्षेत्रावर येतोय. रबर काढून पॅन आणि रबर यांच्यामध्ये ८०×५० ची ३ मि.मी. अॅल्युमिनियमची पट्टी रेझिनने बसवली, रबर तेवढेच बारीक केले, म्हणजे एकूण उंची पुन्हा ८. डाव्या बाजूलाही तसेच, तिकडे चीर नसताना.

नळीच्या पाण्याखाली दहा मिनिटे सीट धरली. खालच्या भोकातून पाणी ठिबकले, दुसऱ्या दिवशी बसल्यावर कापड कोरडे.

पुढची खडूची तपासणी २,००० कि.मी. ला. त्या वेळी मधल्या उजव्या रबराचा ठसा आणि पट्टीच्या कडेने जुनी रेघ पुढे सरकली आहे का, हे दोन्ही बघायचे. रेघेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून ठेवली आहे.